कचरा नामंजूर

माझ्या वडिलांनी चौतीस वर्षं नोकरी केली ती नाही म्हणण्याची. बंगळूरच्या एका सरकारी विमान कारखान्यात ते तपासनीस होते. तयार झालेला सुटा भाग त्यांच्या टेबलावर यायचा आणि बाबा त्याच्याकडे असे बघायचे, जणू तो त्यांच्या मुलीला मागणी घालायला आला आहे. कॅलिपरने मोजायचे, उजेडात धरायचे, बोटाने टकटक करून कानाशी न्यायचे आणि शेवटी त्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधायचे. हिरवी म्हणजे मंजूर, लाल म्हणजे नामंजूर. लाल चिठ्ठीवर कारण लिहावं लागे. हिरवीवर कारणाची ओळच नव्हती आणि मला वाटतं, या एका गोष्टीवरून कारखान्याबद्दल त्यांच्या मनात कायमची अढी होती.

पुढे खरोखरच एक जण मागणी घालायला आला, तेव्हा बाबांनी त्याला मंजूर केलं. पण त्याआधी आईला बाजूला घेऊन ‘उंची किंचित कमी, चालवून घेऊ’ असा शेरा नोंदवून ठेवला. माझ्या नवऱ्याला तो शेरा अजून पाठ आहे.

घरी आईचा स्वयंपाक रोज तपासणीला यायचा. भेंडीच्या चकत्या एकसारख्या नाहीत. पोळीचा एक काठ जाड. आमटीला फोडणी वेळेआधी. आई शांतपणे म्हणायची, “मग परत पाठवा कारखान्यात.” आणि बाबा दुसरी पोळी मागायचे. पन्नास वर्षं हा संसार असा उत्तम चालला.

चार वर्षांपूर्वी आई गेली. बाबा आमच्याकडे येलहंक्याला राहायला आले आणि त्यांनी नावं ठेवणं सोडून दिलं. ताटात पडेल ते खायचे, ताट उचलून ठेवायचे, खिडकीत बसायचे. विमानतळाच्या बाजूला विमानं घरघरत गेली की मान वर करायचे, पुन्हा खाली घालायचे. एकदा मी मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. नाटकीपणा माझ्या अंगातच आहे, त्यामुळे दाराआड उभी राहून मी स्फोटाची वाट पाहत होते. बाबांनी भाजी संपवली. वर म्हणाले, “छान होती.”

त्या दिवशी मी घाबरले.

म्हणून मार्चअखेर आमच्या अपार्टमेंटच्या सेक्रेटरीने सुट्टीतला उपक्रम जाहीर केला, तेव्हा सगळ्यात पुढच्या खुर्चीवर मी होते. हा सेक्रेटरी पुण्याहून आलेला, आयटीतला, पस्तिशीचा. दर वाक्यात एकदा तरी ‘शाश्वत’ म्हटलं नाही तर त्याला ठसका लागत असावा. त्याची योजना मात्र चांगली होती. सुट्टीचे पहिले तीन आठवडे इमारतीतल्या आजी-आजोबांनी शिकवायचं आणि मुलांनी हाताने करायचं. कुणी रिठ्याने कपडे धुवायला शिकवणार होतं, कुणी जुन्या चादरींच्या पिशव्या शिवायला. मागच्या अंगणात करंजाच्या झाडाखाली विटांची एक जाळीदार टाकी बांधली होती. तिच्यात घराघरांतल्या ओल्या कचऱ्याचं खत करायचं होतं.

“टाकी कोण सांभाळेल?” सेक्रेटरीने विचारलं.

सगळ्यांना एकाएकी आपापल्या चपला न्याहाळाव्याशा वाटू लागल्या. मी पटकन हात वर केला. माझा नव्हे, शेजारी बसलेल्या बाबांचा. मनगटाला धरून.

“वा, काका!” सेक्रेटरी म्हणाला.

“मी काय केलं?” बाबा म्हणाले.

अट अशी होती, की तिसऱ्या आठवड्यानंतरच्या रविवारी कमिटी टाकी बघणार. खत नीट होत असेल आणि वास नसेल, तर टाकी कायमची राहील आणि बाबा तिचे प्रमुख. नाही तर टाकी पाडून तिथे चार स्कूटर उभ्या राहतील. चार स्कूटरचे चार मालक सभेत हजर होते आणि ते बाबांकडे फार गोड हसून बघत होते.

बाबांच्या हाताखाली दोन माणसं दिली. एक, तिसऱ्या मजल्यावरची नऊ वर्षांची मुलगी. दुसरी, आमच्या बागेचं काम करणारी अक्का. अक्का मूळची आनेकलकडच्या शेतकरी घरातली, साठीची, आता लेकीजवळ येलहंक्यात राहते. तिच्या घरी तीन पिढ्या शेणखताचा ढीग आहे. म्हणजे ज्या बाईला सगळं येत होतं ती मदतनीस, आणि ज्यांना काहीच येत नव्हतं ते प्रमुख. बाबांना यात नवल वाटलं नाही. कारखान्यातही असंच असे, म्हणाले.

पहिल्या दिवशी सेक्रेटरीने छापील कागद दिला. कचऱ्याचा एक थर, वर मूठभर सुका पाला, मग शेणकाला. बाबांनी चष्मा पुसून कागद वाचला आणि मला हाक मारली.

“मूठभर म्हणजे कुणाची मूठ?”

“कुणाचीही, बाबा.”

“माझी आणि या मुलीची मूठ सारखी आहे?” त्यांनी मुलीची मूठ माझ्यापुढे धरली. “असल्या कागदावर विमान उडेल का?”

“विमान नाही उडवायचं. सालं कुजवायची आहेत.”

“कुजवायची असली म्हणून काय झालं?” असं म्हणून त्यांनी कागदाची घडी खिशात घातली. ती पुन्हा बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला टाकीपाशी टेबल लागलं. टेबलावर कॅलिपर, ताणकाटा आणि चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे, लाल आणि हिरवा. बाबांनी कारखान्यातला खाकी कोट घातला होता. त्यात ते आता दोनदा मावले असते. मुलीच्या गळ्यात भिंग लटकत होतं आणि चेहऱ्यावर असा कडकपणा होता, की मी माझी बादली मागच्या मागे लपवली.

एकेक घर बादली घेऊन रांगेत उभं राहिलं. बाबा बादलीत डोकावत, एक साल चिमटीत उचलत आणि मुलीपुढे धरत.

“काय दिसतं?”

“दुधीची साल. पण एका बाजूला काळी आहे.”

“मग?”

“रिजेक्ट!” मुलगी ओरडायची. तिच्या आनंदाला सीमा नव्हती. आजवर शिक्षकांनी तिची वही तपासली होती. आता पहिल्यांदाच मोठ्या माणसांच्या बादल्या ती तपासत होती.

लाल चिठ्ठ्या सुटू लागल्या. ‘पपई: अतिपक्व.’ ‘भात: खारट.’ ‘पालक: देठ असमान.’ माझ्या बादलीला मिळालेली चिठ्ठी मी अजून फ्रिजवर लावून ठेवली आहे: ‘कोथिंबिरीच्या काड्या सडक्या. सुधारणा अपेक्षित.’

“बाबा,” मी म्हटलं, “सडवायलाच तर आणल्यात.”

“आत खराब माल गेला तर बाहेर चांगला कसा येईल?” ते म्हणाले आणि मुलीने मान डोलावली. त्या वाक्यात चूक कुठे आहे हे शोधायला मला जिना चढून दुसऱ्या मजल्यापर्यंत यावं लागलं.

इमारतीतल्या बायकांनी दोन दिवस कुरकुर केली आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्यात चुरस लागली. कुणाचा कचरा हिरव्या चिठ्ठीने पास होतो ही प्रतिष्ठेची बाब झाली. मी स्वतः एका शेजारणीला टाकीत टाकण्यासाठी ताज्या काकडीची साल एकसारख्या लांबीत काढताना पाहिलं आहे. काकडी कुणी खाल्ली हे विचारायचं राहिलं.

अक्का हे सगळं कमरेवर हात ठेवून बघायची. ती कन्नडमध्येच बोलते आणि बाबांचं कारखान्यातलं कन्नड पन्नास वर्षांचं असल्याने दोघांना एकमेकांचं सगळं समजतं. फक्त पटत नाही. ती टोपलीभर सुका पाला आणून टाकीत ओतायची. तिची पाठ फिरली की बाबा आणि ती मुलगी तो पाला वेचून बाहेर काढायचे.

“सार, पाला का काढला?”

“परकीय पदार्थ.”

“अय्यो! झाडाचा पाला झाडाखाली परकीय?”

“माझ्या यादीत साली आणि देठ आहेत. पाला बाहेरून आलेला.”

“मीसुद्धा बाहेरून आलेली. मलाही काढून टाका मग.”

शेणकाला तर त्यांनी बादलीसकट परत पाठवला, स्वच्छतेच्या कारणावरून. आणि चौथ्या दिवशी त्यांनी आपली सर्वोत्तम सुधारणा केली. टाकीत जाण्याआधी प्रत्येक साल नळाखाली धुवायची. मुलगी दोन्ही हातांनी केळ्याच्या साली धूत होती आणि बाबा त्या उन्हाकडे धरून बघत होते. अक्का माझ्याकडे आली.

“मॅडम, तुमचे वडील कचऱ्याला आंघोळ घालतात.”

“बघते, अक्का.”

“साबण तेवढा देऊ नका,” ती म्हणाली आणि गेली.

मी थांबवायला हवं होतं. कबूल. पण पहिल्या दिवशी टाकीवरून परत आल्यावर बाबा जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, “आमटीत मीठ जास्त झालंय.” मी स्वयंपाकघरात जाऊन अक्षरशः नाचले. नवरा बघायला आला. काय झालं म्हणाला. म्हटलं, बाबांना आमटी आवडली नाही! तो बिचारा आमटी चाखून बघायला गेला. दुसऱ्या दिवशी पोळी कडक होती. तिसऱ्या दिवशी भातात खडा. खडा नव्हता, पण मी वाद घातला नाही. चार वर्षांनी माणूस घरी परत आला होता आणि तो मला ओल्या कचऱ्याच्या बळावर मिळाला होता. तो टिकवायला मी सगळ्या इमारतीच्या साली धुतल्या असत्या.

टाकी मात्र माझ्या भावनांची पर्वा करत नव्हती. नुसता ओला माल, त्यावर आंघोळीचं पाणी, पाल्याचा पत्ता नाही आणि शिवाय सकाळी नऊ आणि संध्याकाळी पाच अशी दोनदा सगळी उपसून तपासणी. तिसऱ्या आठवड्यात टाकीत हिरवट काळा रबरबाट झाला आणि वास सुटला. तळमजल्याच्या खिडक्या बंद झाल्या. चार स्कूटरवाले रोज संध्याकाळी तिथून सावकाश फिरत जायचे, खोल श्वास घेत.

गुरुवारी दुपारी सेक्रेटरी आला. “ताई, काकांना कसं सांगू? रविवारी कमिटी येणार.”

सांगायची गरज नव्हती. बाबांना वास येत होता. त्या रात्री भात माझ्याकडून खरोखर करपला. बाबांनी तो सगळा खाल्ला, ताट उचलून ठेवलं आणि खिडकीत जाऊन बसले.

मग मी जे केलं ते सांगते, कारण अर्ध्या इमारतीला ते माहीत आहेच. शुक्रवारनंतर बाबा टाकीकडे फिरकले नव्हते. शनिवारी दुपारी ते झोपले असताना मी रोपवाटिकेतून खताची दोन पोती आणली. काळंभोर, चाळलेलं, सुगंधी म्हणावं असं खत. मुलीला बरोबर घेतलं. आम्ही टाकीतला वरचा रबरबाट खाली दाबला, त्यावर अक्काचा सुका पाला पसरला आणि वर वीतभर विकतचं खत थापलं. अक्का झाडाला पाणी घालत होती. तिने आमच्याकडे बघितलं, नळ बंद केला आणि पुन्हा चालू केला.

“मावशी, हे चीटिंग आहे ना?” मुलीने विचारलं.

“नाही गं. ही सजावट आहे.”

“आजोबांना कळेल.”

“आजोबांना डोळ्यांनी कमी दिसतं,” मी म्हटलं. हे वाक्य मी एका अशा माणसाबद्दल बोलत होते, ज्याने माझ्या नवऱ्याची उंची दाराबाहेरून ओळखली होती.

रविवारी सकाळी कमिटीची पाच माणसं, चार स्कूटरवाले, तीन आठवड्यांत रिठे आणि पिशव्यांनी हात झिजवलेली सगळी मुलं आणि त्यांचे आजी-आजोबा टाकीभोवती जमले. वास जवळजवळ नव्हता. सेक्रेटरीने झाकण काढलं आणि सगळ्यांच्या तोंडून ‘अरे वा’ निघालं. कुणीतरी टाळी वाजवली. मीच. सेक्रेटरी फोन काढून फोटो घेऊ लागला.

“काका, शाश्वत! एकदम शाश्वत!”

बाबा पुढे आले. त्यांनी कोटाच्या बाह्या वर केल्या, मूठभर खत घेतलं, अंगठ्याने चोळलं, नाकाशी नेलं. मग मुलीला हाक मारली. “भिंग दे.” तिने भिंग दिलं, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती.

“एका दिवसात?” बाबा म्हणाले. “शुक्रवारी यात आंब्याच्या अकरा कोयी होत्या. मी मोजल्यात. कोयी कुठे गेल्या?”

बाबांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि वर काढला. हातात एक कोय होती, हिरव्या रबरबाटासकट. तिच्याबरोबर टाकीचा खरा वासही वर आला. कमिटी एकसाथ दोन पावलं मागे सरकली.

“वरचा माल माझा नाही,” बाबा म्हणाले. “चांगला आहे. पण माझा नाही.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पण भेंडीच्या चकत्यांकडे बघायचे तसं. “कुणी घातला ते मी विचारत नाही. ते मला माहीत आहे.”

“बाबा, मी फक्त—”

“तू गप.”

ते टेबलापाशी गेले, लाल चिठ्ठी घेतली आणि सगळे बघत असताना उभ्यानेच लिहू लागले. लिहून झाल्यावर दोरा ओवला आणि चिठ्ठी टाकीच्या जाळीला बांधली. मुलीने ती मोठ्याने वाचली, कारण तीन आठवडे तेच तिचं काम होतं.

“नामंजूर. कारण:” ती थांबली. “कारण: तपासनीस.”

स्कूटरवाल्यांपैकी एक जण हसला आणि लगेच खोकला. मला वाटलं, संपलं. आता बाबा कोट काढतील, घडी करतील आणि खिडकीत जाऊन बसतील, ते थेट शेवटपर्यंत. त्यांनी कोटाचं पहिलं बटण काढलंसुद्धा.

“सार,” अक्का मागून म्हणाली. “मग पाला घालायचा की नाही?”

बाबांचा हात दुसऱ्या बटणावर थांबला. “किती?”

“भरपूर.”

“भरपूर म्हणजे किती?”

“मी थांब म्हणेपर्यंत.” मग ती कमिटीकडे वळली. “दोन महिने द्या. पाला, शेण, आंबट ताक घालू. फक्त एक अट. सारनी उघडायचं नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. मी सांगेन तेव्हाच.”

सेक्रेटरीने कमिटीकडे बघितलं. कमिटीने स्कूटरवाल्यांकडे. इतक्यात कमिटीतले एक आजोबा, जे पाच वर्षांत सभेत कधी बोलले नव्हते, ते बोलले. “या इमारतीत बिल्डरने कधी चूक मान्य केली? प्लंबरने? रंगाऱ्याने? माझ्या बाथरूमचं पाणी अजून हॉलमध्ये येतं. एका माणसाने आपल्या हाताने स्वतःला लाल चिठ्ठी लावली, तर त्याला दोन महिने द्यायचे नाहीत?”

हात वर झाले. या वेळी सगळ्यांनी आपापले केले.

बाबा अक्कासमोर उभे राहिले. चौतीस वर्षं त्यांच्या वरच्या साहेबांनाही त्यांनी असं विचारलं नसेल. “मग मी काय करायचं?”

“बसायचं.”

“आणि?”

“पाला वेचायचा. आत टाकायला. बाहेर काढायला नाही.”

त्याच दिवशी अक्काने टाकी उपसली, रबरबाटाला टोपल्याच्या टोपल्या पाला चारला आणि पुन्हा भरली. सोमवारपासून बाबांची प्लास्टिकची खुर्ची टाकीपासून तीन पावलांवर ठेवली गेली. अंतर अक्काने स्वतः पावलांनी मोजलं. उपक्रम संपला होता, पण मुलगी रोज यायची आणि खुर्ची पुढे सरकते का त्यावर लक्ष ठेवायची. वरून माझ्या खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं.

“अक्का, स्वल्प उघडू का?”

“बेडा, सार.”

“स्वल्पच. वीतभर.”

“बेडा म्हटलं ना!” आणि नको म्हणजे नकोच.

पाचव्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन खाली गेले, तेव्हा अक्का बाबांचं मनगट धरून टाकीपाशी उभी होती. तिने वरचा पाला बाजूला केला आणि त्यांचा हात धरून आत घातला. बाबांनी तो झटकन बाहेर ओढला.

“तापलंय!”

“तापणारच. आत काम चाललंय.”

बाबांनी स्वतःहून हात पुन्हा आत घातला आणि ठेवला. मुलीने त्यांच्या शेजारून आपला घातला. चहा माझ्या हातात गार होत होता आणि कुणालाही त्याचं काही नव्हतं.

“आजोबा,” मुलगी कुजबुजली, “मग पास?”

बाबांनी हात बाहेर काढला, खांद्यावरच्या पंच्याला पुसला आणि खुर्चीकडे परत निघाले.

“ते माझ्याकडे नाही आता,” ते म्हणाले. “अक्कांना विचार.”